झोपेची गोळी बंद करू की व्यायाम?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सूनबाईंचा हा प्रश्न आहे. सासरे ७६ वर्षांचे, सगळी हयात यंत्रमागावर जॉबर (माग जुळवून चालू ठेवणारा कारागीर) म्हणून गेली. दोनेक वर्षांपासून विसरणं वाढलं, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला, त्यावरची डोनेपेझिल ही गोळी चालू आहे. सहा आठवड्यांपूर्वी रात्री न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर रात्रभर ओरडायचे, पलंगावरून उतरायला बघायचे, म्हणून रात्री नऊला क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी अर्धा मिलिग्रॅम सुरू झाली. आता फिजिओथेरपिस्ट सकाळी साडेनऊला येतात तेव्हा मामा (सासरे) खुर्चीत पेंगत असतात, उठा म्हटलं की चिडतात. ‘पेशंट सहकार्य करत नाही, तुमचे पैसे वाया जातायत’ असं ऐकून घ्यावं लागलं. ताईंनी विचारलंय : गोळी बंद करू की व्यायाम? गोळी चुकली तर घरात कोणी झोपत नाही.

ताई, दोन्ही बंद करू नका. गोळी तर आज रात्री अचानक अजिबात थांबवू नका, कारण पुढे सांगतो. पण तुम्ही या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवल्यात ते बरोबर ओळखलंत. बहुतेक घरांत रात्रीची गोळी एका डॉक्टरांची, व्यायाम दुसऱ्याचा, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही. गाठ पडते ती पेशंटच्या अंगात, सकाळी साडेनऊला.

आधी गोळीचं गणित बघा. क्लोनाझेपाम निम्मी ओसरायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे सोमवारी रात्री नऊला दिलेल्या गोळीतला अर्ध्याहून जास्त भाग मंगळवारी रात्री नऊला अंगात असतोच, आणि त्यावर तुम्ही दुसरी देता. आठवडाभरात साठा होतो. वय वाढलं की अंगातलं चरबीचं प्रमाण वाढतं, यकृताचं काम मंदावतं, आणि ही औषधं चरबीत मुरून बसणारी. त्यातून मेंदू आधीच थकलेला. म्हणून तरुण माणूस ज्या गोळीवर सकाळी कामाला जातो, त्याच गोळीवर तुमचे मामा दुपारपर्यंत रात्रीतच असतात. ते सहकार्य करत नाहीत असं नाही, ते अजून उठलेलेच नसतात.

बरं, इतकं करून मिळतं काय? ६० वर्षांवरच्या निद्रानाशाच्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगांचा एक मोठा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात झोपेच्या गोळ्यांनी रात्रीची झोप सरासरी २५ मिनिटांनी वाढलेली दिसली. १३ जणांना गोळी दिली तर एकाची झोप सुधारते आणि ६ जणांना दिली तर एकाला काही ना काही अपाय होतो, असा तो हिशोब होता. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना ‘बीअर्स यादी’ नावाची एक यादी वेळोवेळी सुधारून काढते. म्हाताऱ्या माणसांना कोणती औषधं शक्यतो टाळावीत ते त्यात असतं. २०२३ च्या यादीतही क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपामचा हा सगळा गट आणि झोल्पिडेम आहेत. स्मृतिभ्रंश असेल किंवा आधी पडणं झालं असेल तर टाळण्याचं कारण आणखी वाढतं. तुमच्या मामांना दोन्ही लागू आहे. झोल्पिडेम लवकर उतरते म्हणून ती बरी, असं दुकानावर सांगतात. पण रात्री दोनला लघवीला उठणाऱ्या माणसाला ती नेमकी दोनलाच पाडते.

हे मी वरच्या पायरीवरून बोलत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी, माझ्या प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात, ‘झोप नाही, झोप नाही’ म्हणणाऱ्या एका आजींना मी अल्प्राझोलाम लिहून दिली. मुलगा खूश झाला. तिसऱ्या आठवड्यात आजी मोरीत पडल्या. एक खुबा आधीच ऑपरेशनचा होता, हा दुसरा. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. त्यानंतर झोपेची गोळी लिहिताना मी आधी विचारतो, रात्री उठल्यावर हा माणूस कुठं जातो आणि वाटेत काय आहे.

आता व्यायाम. ‘डोकंच चालत नाही तर व्यायाम काय शिकणार’ हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकतो, वाईट म्हणजे कधीकधी डॉक्टरांकडूनही. ते चूक आहे. फिनलंडमधल्या एका अभ्यासात, तो २००० साली आला, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सौम्य आणि मध्यम स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना नेटकं पुनर्वसन दिलं, तेव्हा तीन महिन्यांनी, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा, त्यांतले जास्त जण संस्थेत न राहता आपापल्या घरी होते. उलट बाजू भीतीची आहे. सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना प्रयोगासाठी १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळपास एक किलोनं घटले. ती निरोगी माणसं होती. मामांचे सहा आठवडे गेलेत. म्हणून व्यायाम बंद, हा पर्याय नाहीच. वेळ आणि पद्धत बदला.

थेरपिस्टना सांगा, गोळी कमी होईपर्यंत सकाळी साडेनऊ नको, अकरा किंवा संध्याकाळी साडेचार-पाच. मामा दिवसात सर्वांत तरतरीत कधी असतात ते तुम्हालाच माहीत असेल. ती वेळ व्यायामाची. उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी चारलाही भिंती तापलेल्या असतात, तेव्हा अकराचं बघा. पाऊण तासाची एक बैठक करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा. त्यांतली एक थेरपिस्टची, बाकी दोन घरच्यांच्या. घरचा व्यायाम अगदी साधा ठेवा : हाताची टेकणं असलेली, जरा उंच, भक्कम खुर्ची घ्या, आणि प्रत्येक जेवणाआधी, चहाआधी पाच वेळा उठ-बस. वजन किती टाकायचं हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून एकदा विचारून कागदावर लिहून घ्या. पूर्ण वजन टाकायला परवानगी असूनही घरच्यांनी भीतीनं महिनाभर पाय उचलून धरलेला, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

पद्धतीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथंच सगळं बिघडतं. स्मृतिभ्रंशात कालची भाजी विसरते, पण हातापायांची आठवण पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. जी माणसं नातवाचं नाव सांगू शकत नाहीत ती धोटा हातात दिला की बरोबर धरतात. या आठवणीला शब्द लागत नाहीत, सवय लागते. म्हणून रोज तीच खुर्ची, तीच जागा, तोच क्रम, तेच शब्द. ‘मामा, काल काय शिकवलं होतं?’ असं विचारायचं नाही; ती परीक्षा आहे, आणि नापास झालेला माणूस चिडतो. एका वेळी एकच सूचना द्या आणि मनात दहा अंक मोजा. आपल्याला ते दहा अंक फार लांब वाटतात, त्यांना सूचना पोहोचायला तेवढा वेळ लागतोच. चुकण्याआधी हात धरा, चुकल्यावर सुधारू नका. चूक एकदा अंगवळणी पडली की तीच पक्की होते.

शब्दांवरून एक आठवलं. विडी वळून संसार केलेल्या एक आजी होत्या. थेरपिस्ट मुलगी पुण्यात शिकून आलेली, शुद्ध मराठीत ‘आजी, उभ्या राहा, वजन पुढे घ्या’ म्हणायची. आजी नुसत्या बघत राहायच्या. फायलीवर लिहिलं गेलं : सूचना समजत नाहीत. शेजारच्या बाई सहज ‘लेवंडी’ म्हणाल्या आणि आजी पदर सावरून उभ्या राहिल्या. पुढे ‘कूर्चोंडी’ म्हटल्यावर बसल्याही. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, आईकडून आलेली शेवटपर्यंत राहते. आपल्या गावात चार घरांत तीन भाषा. तुमच्या मामांची पहिली भाषा तेलुगू किंवा कन्नड असेल तर थेरपिस्टना चार शब्द लिहून द्या. त्याला काही खर्च नाही.

आणि व्यायामाला काम जोडा. जॉबर माणसाला ‘गुडघा सरळ करा’ यात काय रस असणार? टेबलाशी उभं करून चादरीची घडी घालायला द्या, कडा जुळवायला सांगा. घडी नीट नसेल तर ते स्वतःच तुम्हाला रागावतील, आणि तेवढ्यात चार मिनिटं उभे राहिलेले असतील.

आता रात्र. गोळीला हात लावण्याआधी सात दिवस एक वही ठेवा. सविस्तर काही नको : किती वाजता झोपले, कधी उठले, उठल्यावर काय हवं होतं, दिवसा कधी पेंगले. ‘रात्रभर जागतात’ असं सांगणाऱ्यांच्या वहीत बहुतेकदा दिसतं की माणूस दुपारी तीन तास आणि संध्याकाळी टीव्हीसमोर दीड तास झोपलेला आहे. चोवीस तासांतली झोप भरलेली असते, फक्त चुकीच्या जागी. अशा वेळी गोळी वाढवणं म्हणजे दुपारची झोप आणखी घट्ट करणं.

वहीत ‘उठल्यावर काय हवं होतं’ हा रकाना मी सर्वांत आधी वाचतो. सहा आठवड्यांच्या खुब्याला कूस बदलताना दुखतं, पण स्मृतिभ्रंशाचा माणूस ‘दुखतंय’ म्हणत नाही; ओरडतो, हात झटकतो, कपाळाला आठ्या घालतो. तुमच्याकडचं ओरडणं सुरुवातीला दुखण्याचंच असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पॅरासिटामॉल ‘लागली तर’ न देता ठरलेल्या वेळी, एक झोपताना आणि एक व्यायामाच्या अर्धा तास आधी, असं देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. दिवसाची मर्यादा तेच सांगतील, यकृताचा त्रास असेल तर ती आणखी खाली येते. मग लघवी : प्रोस्टेट तपासलंय का, बीपीच्या गोळ्यांत लघवीची गोळी असेल तर ती सकाळी आहे की रात्री? बद्धकोष्ठ? ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांनी ते होतंच. आणि डोनेपेझिल रात्री देत असाल तर तीच झोप मोडत असेल, विचित्र स्वप्नं पाडत असेल. ती सकाळी घेता येते. एवढ्या एका बदलानं शांत झालेले पेशंट माझ्याकडे आहेत.

घरातली औषधांची पिशवी एकदा डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा. सर्दीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, खाजेची गोळी, शेजाऱ्यांनी ‘झोपेला चांगली’ म्हणून दिलेली पट्टी, सगळी. क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन यांसारखी औषधं स्मृतीसाठी लागणाऱ्या रसायनावरच घाव घालतात. एका हातानं डोनेपेझिल देऊन दुसऱ्या हातानं ते पुसण्यासारखं. मामा पडले त्या दिवसांत असं काही चालू होतं का, तेही आठवून बघा. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं सरकारी औषध नियमांच्या परिशिष्ट एच-१ मध्ये आहेत. मार्च २०१४ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि दुकानदारानं नोंद ठेवायची, असा नियम आहे. तरी ती कशी मिळतात ते तुम्हीही जाणता, मीही.

दिवस दुरुस्त केल्याशिवाय रात्र दुरुस्त होत नाही. सकाळी सातच्या सुमारास अर्धा तास अंगणात किंवा गच्चीच्या दारात उजेडात बसवा, चहा तिथंच. मे महिन्यात त्याहून लवकर. दुपारी तीनच्या आत एकच डुलकी, अर्धा-पाऊण तास, मग उठवायचं. चारनंतर चहा नको. पाणी मात्र दिवसभर भरपूर द्या, फक्त शेवटचे दोन तास कमी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रात्रीच्या लघवीच्या भीतीनं पाणी तोडलं की माणूस दोन दिवसांत भ्रमिष्ट होतो. चष्मा आणि कानाचं यंत्र दिवसा लावलेलं असू द्या. रात्री पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणि जमिनीलगत एक मंद दिवा.

वहीचा आठवडा झाला, हे सगळं दहा-बारा दिवस बसलं, की मग गोळी. तीही तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. सर्वसाधारण रीत अशी : दर दोन आठवड्यांनी साधारण पाव भाग कमी. अर्ध्या मिलिग्रॅमवरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५, मग शून्य. पाव मिलिग्रॅमची गोळी बाजारात असते, ती अर्धी करता येते. दोन महिने लागतील, लागू द्या. प्रत्येक पायरीला तीन-चार रात्री वाईट जातात. तिथंच घरचे म्हणतात, ‘बघा, गोळीशिवाय होत नाही’, आणि परत मूळ डोसवर जातात. तो आजार परत आलेला नसतो, गोळी सोडल्याचा धक्का असतो. त्या पायरीवर थोडं जास्त थांबा, पण वर चढू नका. एकदम थांबवली तर मात्र घाम, थरथर, भास, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून आज रात्री बंद करू नका म्हटलं. मामांना ही गोळी फिटसाठी दिलेली असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

तिच्या जागी दुसरी कोणती? हा प्रश्न येणारच. मेलाटोनिननं फार काही होतं असं स्मृतिभ्रंशात दिसलेलं नाही. सहसा अपायही नसतो, म्हणून कोणी देत असेल तर मी भांडत नाही. ट्रॅझोडोन ही नैराश्यावरची गोळी अगदी कमी मात्रेत काहींना उपयोगी पडते, पण उभं राहताना बीपी उतरवते. क्वेटियापीन ही भास-भ्रमांवरची गोळी निव्वळ झोपेसाठी नको; स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या गटाच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच दिलाय. मामांना रात्री खरंच माणसं दिसतात का, चालताना अंग ताठ होतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात या गटाची औषधं अजिबात सोसत नाहीत.

गोळी कधीच नको, असंही माझं मत नाही. सून दिवसा विड्या वळते किंवा शिवण करते, नवरा पाळीवर, आणि तीन रात्री कोणाचा डोळा लागलेला नाही. अशा घराला मी थोड्या दिवसांची, कमी मात्रेची, लवकर उतरणारी गोळी दिलेली आहे, बंद करायची तारीख चिठ्ठीवरच लिहून. तुम्ही पडलात तर मामांना उठवणार कोण? आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या यजमानांनी त्यांच्या खोलीत झोपायचं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून, हे माझ्याकडून सांगितलं म्हणून सांगा.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. कालपर्यंत बरे होते आणि आज अचानक गुंगीत आहेत, बरळतायत, ताप आहे किंवा लघवी कमी झालीय, किंवा ऑपरेशनचा पाय एकाएकी सुजला किंवा आखूड दिसतोय, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना. सिव्हिलला न्या, जवळच्या डॉक्टरांकडे न्या, पण ‘वय झालंय’ म्हणून सोडू नका.

मोजमाप काय ठेवायचं? झोपेचे तास मोजू नका. मी खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते बघतो, वॉकर घेऊनच. थेरपिस्ट दर पंधरा दिवसांनी ते वहीत लिहितील. आज मामांना मिनिट लागत असेल. गोळी पाव भागानं उतरली आणि आकडा चाळिसावर आला, तर घरच्यांना पुढच्या पायरीची हिंमत येते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्याच वेळी झोपून आणि उभं राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी बीपी बघायला सांगा. वरचा आकडा वीसनं उतरत असेल तर बीपीच्या गोळ्याही बघाव्या लागतील.

मामा रात्री दोनला उठून ‘पाळी सुरू झाली, मला जायचंय’ म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. तीस-चाळीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला आठ तास सलग झोपवण्याच्या मागे लागू नका. ‘पाळी कुठली, यंत्रमाग बंद होऊन किती वर्षं झाली’ असा वाद घातला की ते पूर्ण जागे होतात. ‘आज सुट्टी आहे मामा, शेटनं सांगितलंय’ म्हणा, लघवीला बसवा, घोटभर पाणी द्या. ते नुसते शांत जागे पडून राहिले तरी चालेल. आपल्याकडे नळ रोज येत नाही, येतो तोही कधीकधी अवेळी. नळ येतो त्या रात्री मोटार आणि घागरींचा आवाज ऐकून ते उठणारच. त्यांच्या खोलीचं दार ओढून घ्या. तरी उठले तर हाताच्या खुर्चीत बसवा आणि पिंप भरलं का बघायचं काम त्यांच्याकडे द्या. फक्त ओल्या फरशीवर पाय ठेवू देऊ नका.